कोरिन मूळची कुठली?

सप्टेंबर २०१८. पॅरिसमध्ये टीव्हीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण चाललं होतं. पाहुणे होते एरिक झेमूर, तेव्हाचे पत्रकार-लेखक आणि पुढे २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. समोर बसली होती कार्यक्रमातली नेहमीची भाष्यकार, उद्योजिका हाप्सातू सी. जन्म फ्रान्समधला, आईवडील पश्चिम आफ्रिकेतून आलेले. बोलता बोलता विषय नावांवर घसरला. तुमच्या आईने तुमचं हे नाव ठेवायला नको होतं, असं झेमूर म्हणाले. मग काय ठेवायला हवं होतं? कोरिन. कोरिन तुम्हाला छान शोभलं असतं. वर आणखी, तुमचं नाव हाच फ्रान्सचा अपमान आहे. प्रक्षेपणात हा तुकडा कापला गेला होता. हाप्सातू सी यांनी तो स्वतःच लोकांसमोर ठेवला आणि फ्रान्सभर रण माजलं.

त्या रणात झेमूर यांच्या विरोधकांनी जे हत्यार उपसलं, त्याबद्दल मला बोलायचं आहे, कारण ते हत्यार आपल्याकडेही लोकप्रिय आहे. हत्यार म्हणजे व्युत्पत्ती. कोरिन कसलं फ्रेंच, ते तर ग्रीक! एरिक हे नाव उत्तरेकडच्या व्हायकिंगांचं! झेमूर हा शब्द बर्बर भाषेतला, अर्थ ऑलिव्हचं झाड! टाळ्या पडल्या, खिल्ली उडवून झाली, प्रश्न तिथेच राहिला. एप्रिल २०२४ मध्ये एका मराठी अभिनेत्याने मुलाचं नाव जहांगीर ठेवल्यावरून होणाऱ्या शिवीगाळीला कंटाळून, यापुढे शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हेच केलं होतं. जहांगीर म्हणजे जग जिंकणारा, अर्थ किती चांगला. आणि शहाजी हे नाव तरी कुठून आलं? मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली अशी परंपरागत कथा आहेच. हे मुद्दे खोटे नाहीत. पण एका लहान मुलाला त्याच्या नावासाठी शिव्या देणाऱ्याला शब्दकोश दाखवणं म्हणजे त्याने घातलेली अट मान्य करण्यासारखं आहे. उद्या एखाद्या नावाचा अर्थ वाईट निघाला किंवा मूळ खरंच परकं निघालं, तर शिव्या रास्त ठरतात का?

माझं म्हणणं एवढंच आहे: नाव कोणत्या देशाचं, हे त्याच्या मुळावरून ठरत नाही, ते वापरावरून ठरतं. आणि वापर ठरवण्याचा अधिकार नाव ठेवणाऱ्या घराचा आहे, त्यावर शिक्का मारणाऱ्या सरकारचा नाही, मग टीव्हीवर बसलेल्या पाहुण्याचा कुठून येणार? ही गोष्ट पटवायला झेमूर यांनी निवडलेल्या नावाइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडलं नसतं. कोरिनचा प्रवास एकदा नीट पाहिला की ‘ते तर ग्रीक आहे’ हे उत्तर फारच तोकडं वाटायला लागतं.

ग्रीकमध्ये ‘कोरे’ म्हणजे मुलगी, कुमारी. अधोलोकात पळवून नेलेली देवी पर्सेफोनी, तिलाही ‘कोरे’ असंच म्हणत. त्यापासून ‘कोरिना’, म्हणजे जवळपास आपली ‘पोरगी’ किंवा ‘छोकरी’. या नावाची एक कवयित्री ग्रीसच्या बिओशिया प्रांतातल्या तानाग्रा गावात होऊन गेली. तिचा काळ अभ्यासकांत वादाचा आहे. कुणी तिला इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात ठेवतं, कुणी तिसऱ्या. पण ती पिंडारच्या काळातलीच, असं जुने लोक धरून चालत. पिंडार म्हणजे ग्रीकांचा महाकवी, खेळाडूंच्या विजयाची स्तोत्रं लिहिणारा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेली कथा अशी, की तरुण पिंडारच्या कवितेत पुराणकथा नाहीत म्हणून कोरिनाने त्याला टोकलं. त्याने पुढची कविता पुराणकथांनी ठासून भरून आणली. तेव्हा ती हसून म्हणाली, अरे, बी मुठीने पेरायचं असतं, पोतं उलटं करायचं नसतं. (वैचारिक लेख लिहिणाऱ्यांनी हे वाक्य टेबलावर चिकटवून ठेवावं. मी ठेवलेलं नाही, हे पुढे दिसेलच.)

दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस तानाग्राला गेला, तेव्हा तिथल्या व्यायामशाळेत त्याने तिचं चित्र पाहिलं: थीब्जमध्ये पिंडारला हरवल्याबद्दल डोक्याला विजयाची फीत बांधत असलेली कोरिना. ती का जिंकली असावी याचं त्याने दिलेलं स्पष्टीकरण मला फार आवडतं. ती दिसायला सुंदर होती, हे एक कारण. पुरुषांना हे कारण सुचायचंच. दुसरं कारण असं, की पिंडारसारखी ती भारदस्त दोरिक बोलीत लिहीत नव्हती. ऐकणाऱ्यांना समजेल अशा त्यांच्याच बोलीत ती गायली. म्हणजे ज्या नावाला आज ‘अस्सल, शुद्ध, मुख्य प्रवाहातलं’ म्हणून पुढे केलं जातं, ते मुळात एका गावाकडच्या बाईचं, आणि तिची प्रसिद्धी गावाकडच्या बोलीतली.

तिथून हे नाव रोमला गेलं. कवी ओव्हिडने आपल्या प्रेमकवितांमधल्या प्रेयसीला ‘कोरिना’ हे टोपणनाव दिलं. खरी कोण होती, होती की नव्हती, यावर दोन हजार वर्षं चर्चा चालू आहे. ओव्हिडला सम्राट ऑगस्टसने इसवी सन ८ मध्ये काळ्या समुद्राकाठी हद्दपार केलं. तो परत आलाच नाही. हे लक्षात ठेवा, कारण या नावाच्या वाटेवर आणखी एक हद्दपारी येणार आहे.

फ्रेंच भाषेत कोरिनला घरोघरी पोचवलं ते मादाम द स्ताल यांनी. १८०७ मध्ये आलेल्या ‘कोरिन अथवा इटली’ या त्यांच्या कादंबरीने युरोपभर धुमाकूळ घातला. आता ही लेखिका पाहा. जन्म पॅरिसचा, पण वडील झाक नेकर जिनिव्हाचे प्रोटेस्टंट, सोळाव्या लुईचे अर्थमंत्री. नवरा फ्रान्समधला स्वीडनचा राजदूत. नायिका पाहा: रोमच्या कॅपिटोलवर जिचा कवयित्री म्हणून मुकुट घालून सत्कार होतो, तिची आई इटालियन आणि वडील इंग्रज. प्रियकर स्कॉटलंडचा उमराव. या सगळ्या गोतावळ्यात अस्सल फ्रेंच माणूस शोधायला दिवा लागेल. आणि गंमत तर पुढेच आहे. नायिकेचं ‘कोरिन’ हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नाही. घर सोडताना ती आडनाव टाकते आणि पिंडारची मैत्रीण असलेल्या त्या ग्रीक कवयित्रीची गोष्ट आवडली म्हणून स्वतःच हे नाव घेते. झेमूर यांनी एका स्त्रीवर जे नाव लादू पाहिलं, ते फ्रेंच साहित्यात आलं तेच मुळी एका स्त्रीने स्वतःसाठी स्वतः निवडलेलं नाव म्हणून!

मादाम द स्ताल यांना नेपोलियनने १८०३ मध्येच पॅरिसच्या चाळीस लीगांच्या (लीग हे अंतराचं जुनं माप) आत पाऊल टाकायला बंदी केली होती. १८१० मध्ये त्यांचं जर्मनीवरचं पुस्तक छापून तयार झालं. दहा हजार प्रती पोलिसांनी जप्त करून लगद्यात घातल्या. पोलिसमंत्री साव्हारी यांनी बाईंना पत्र पाठवलं, त्यातलं एक वाक्य फ्रेंच वाङ्मयाच्या इतिहासात अजरामर झालं आहे: ‘तुमचं हे शेवटचं पुस्तक फ्रेंच नाही.’ ज्या लेखिकेने फ्रान्सला कोरिन दिली, तिला फ्रान्सच्या सरकारने सांगितलं की तुम्ही लिहिता ते फ्रेंच नाही. पुस्तक अखेर १८१३ मध्ये लंडनला निघालं. आज मादाम द स्ताल फ्रेंच वाङ्मयाच्या मानकऱ्यांत गणल्या जातात, आणि साव्हारींचं नाव निघतं ते बहुतेक वेळा याच पत्रामुळे.

बरं, कादंबरी गाजली म्हणून लगेच गल्लोगल्ली कोरिन झाल्या असंही नाही. या नावाचा खरा बहर आला तो विसाव्या शतकात, १९६० च्या दशकात. तेव्हा फ्रान्समधल्या प्रत्येक वर्गात एखादी तरी कोरिन असायची. आज पाळण्यात कोरिन औषधालाही सापडत नाही. झेमूर यांचा जन्म १९५८ चा. म्हणजे ‘कोरिन’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर जे ‘शाश्वत फ्रान्स’ आहे, ती बहुधा त्यांच्या लहानपणच्या शाळेची हजेरी आहे. हा दोष त्यांचा एकट्याचा नाही. आपण सगळेच आपल्या लहानपणीच्या हजेरीपटाला परंपरा समजतो. माझ्या पिढीला सुनीता, अनिता, संगीता ही नावं सनातन वाटतात आणि माझ्या आजीला ती सिनेमातली वाटायची.

इथे थोडं थांबून व्युत्पत्तीवाल्या मित्रांचा हिशेब चुकता करतो. त्यांच्या पद्धतीने गेलं तर फ्रान्समध्ये फ्रेंच नाव शिल्लकच राहत नाही. मारी हिब्रू, जान हिब्रू. प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेली, टपाल तिकिटांवर आणि नगरपालिकांच्या दिवाणखान्यांत विराजमान झालेली मारियान, म्हणजे मारी आणि आन, दोन्ही हिब्रू. शिवाय प्रजासत्ताकाला या नावाने पहिल्यांदा गायलं गेलं ते १७९२ च्या एका गाण्यात, आणि ते गाणं फ्रेंचमध्ये नव्हतं, दक्षिणेच्या ऑक्सितान भाषेत होतं. क्लोतिल्द, मातिल्द ही ऱ्हाइनपलीकडून आलेल्या जर्मानिक टोळ्यांची देणगी. खुद्द ‘फ्रान्स’ हे नाव फ्रँक या जर्मानिक टोळीचं. आणि फ्रान्स्वाज? हिचा तर शब्दशः अर्थच ‘फ्रेंच स्त्री’. पण हे नाव ख्रिस्ती घरांत रुजलं ते असिसीच्या संत फ्रान्सिसमुळे, आणि तो इटालियन! बाप्तिस्म्याचं नाव जोव्हान्नी; फ्रान्सशी व्यापार करणाऱ्या कापडवाल्या बापाने त्याला कौतुकाने ‘फ्रान्चेस्को’, म्हणजे ‘फ्रेंचवाला’ म्हणायला सुरुवात केली. त्यातल्या त्यात घरचं म्हणावं असं शांताल: दक्षिणेच्या बोलीत ‘दगड’ असा अर्थ असलेलं गावाचं नाव, मग संत जान द शांताल यांच्यामुळे प्रसिद्ध झालेलं आडनाव, आणि विसाव्या शतकात एकदम मुलींचं नाव. आमच्याकडे धोंडू आणि दगडूबाई होत्या, तिकडे शांताल होती.

ही यादी मजेशीर आहे, मीही ती खुशीने दिली. पण तिने काय सिद्ध झालं? झेमूर शांतपणे म्हणू शकतात, आणि म्हणायलाच हवं: ‘मारी हिब्रू आहे हे मला माहीत आहे. पण हजार-दीड हजार वर्षं फ्रान्समध्ये नांदून ती फ्रेंच झाली. मी मुळाबद्दल बोलत नाही, मुरण्याबद्दल बोलतोय.’ हे उत्तर बरोबर आहे. ‘टेबल’ पोर्तुगीज की इंग्रजी, यावरून कोणी मराठी माणसाला जेवायला जमिनीवर बसवत नाही. म्हणून प्रश्न मुळाचा नाहीच. नाव मुरतं कसं, आणि ते कोण मुरवतं, हा खरा प्रश्न आहे. आणि नेमक्या याच प्रश्नावर झेमूर यांची बाजू लंगडी पडते.

त्यांचा आधार आहे फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातल्या ११ जर्मिनाल, वर्ष ११, म्हणजे १ एप्रिल १८०३ चा कायदा. मुलांना द्यायची नावं निरनिराळ्या पंचांगांत प्रचलित असलेली किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींची असावीत, दुसरी चालणार नाहीत, असं तो सांगतो. १९६६ मध्ये तो सैल झाला आणि ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने निवड पालकांच्या हाती आली. हा जुना नियम परत आणा, अशी झेमूर यांची मागणी. २०२२ च्या प्रचारातही ती होती. (मतं मिळाली सुमारे ७ टक्के, क्रमांक चौथा.) पण हा कायदा कशासाठी झाला होता? परदेशातून येणाऱ्यांसाठी नव्हे. क्रांतीच्या धामधुमीत अस्सल फ्रेंच मायबापांनी आपल्या अस्सल फ्रेंच पोरांना फुलांची, महिन्यांची, ब्रूटससारख्या रोमन वीरांची, सद्गुणांची नावं देण्याचा जो सपाटा लावला होता, त्याला वेसण घालण्यासाठी. आणि त्यात ‘फ्रेंच’ असा शब्दच नाही. कोरिन नावाची कोणी प्रसिद्ध ख्रिस्ती संत नाही. ती या कायद्यातून आत आली असेल तर ‘प्राचीन इतिहासातली व्यक्ती’ या दारातून, म्हणजे ग्रीक असल्यामुळेच!

आणि याच व्यवस्थेने कोणाला दाराबाहेर ठेवलं तेही पाहू. १९८३ मध्ये एका फ्रेंच जोडप्याने मुलीचं नाव ‘फ्लर द मारी’ ठेवायचं ठरवलं. युजेन स्यू यांच्या १८४० च्या दशकातल्या, घरोघरी वाचल्या गेलेल्या ‘पॅरिसची रहस्यं’ या कादंबरीच्या नायिकेचं नाव. शब्द फ्रेंच, लेखक फ्रेंच, आईबाप फ्रेंच. निबंधकाने नाव नाकारलं: पंचांगात नाही. न्यायालयांनी ‘फ्लर-मारी’ला मान्यता दिली, पण मधला ‘द’ काही मिळाला नाही. प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९६ मध्ये तिथेही आईवडील हरले. कादंबरीतून आलेली कोरिन चालते आणि कादंबरीतून आलेली फ्लर द मारी चालत नाही, याला तर्क म्हणायचं? वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनीत तर याहून वाईट घडलं. मुलांना ब्रेटन भाषेतली नावं ठेवणाऱ्या एका कुटुंबाची अनेक मुलं, नावं नोंदवून घ्यायला नकार मिळाल्यामुळे, वर्षानुवर्षं सरकारी कागदावर जन्मलीच नव्हती. २०१७ मध्ये ‘फान्च’ या ब्रेटन नावातल्या ‘न’वरच्या नागमोडी रेघेवरून पुन्हा कोर्टबाजी झाली, ही रेघ फ्रेंच नाही म्हणे. हे फान्च म्हणजे कोण? फ्रान्स्वा. ‘फ्रेंच’ असा अर्थ असलेल्या नावाचं ब्रेटन रूप, आणि ते फ्रेंच नाही म्हणून नाकारलेलं. नाटककाराला सुचलं असतं तर प्रेक्षक म्हणाले असते, जरा अतीच झालं.

आता समोरच्या बाजूचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत, त्यांच्याकडे वळतो. पहिला: नाव खाजगी वस्तू नाही, ते चारचौघांत हाक मारायला असतं आणि त्याचा भार आईबापांना नाही, मुलाला वाहावा लागतो. मान्य. म्हणूनच १९९३ नंतरही फ्रान्समध्ये न्यायाधीश हस्तक्षेप करू शकतात; एका मुलीचं नाव ‘न्यूटेला’ ठेवलं गेलं, तेव्हा न्यायालयाने ते बदलून ‘एला’ केलं. माझी काही हरकत नाही. पण इथे कसोटी आहे मुलाचं हित. राष्ट्राची शोभा ही कसोटी वेगळी आहे, आणि पहिलीच्या पडद्याआड दुसरी आणणं ही लबाडी आहे.

दुसरा मुद्दा: परकं वाटणारं नाव असलं की नोकरीच्या अर्जाला उत्तर येत नाही. हेही खरं आहे. तेच शिक्षण, तोच अनुभव, फक्त नाव बदलून पाठवलेल्या अर्जांच्या चाचण्या फ्रान्समध्ये वारंवार झाल्या आहेत आणि निकाल लाजिरवाणे आहेत. एखादी आई याचा विचार करून मुलीचं नाव कोरिन ठेवील, तर तिला मी नावं ठेवणार नाही. ती व्यवहार पाहते आहे. पण खोट अर्ज लिहिणाऱ्याच्या नावात आहे की अर्ज वाचणाऱ्याच्या डोळ्यात? खड्ड्यात पाय मुरगळला म्हणून पायाला दंड करण्यातला हा प्रकार आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यांत गंभीर. पूर्वी आलेले लोक, इटालियन, पोलिश, अल्जीरियातले ज्यू, एक-दोन पिढ्यांत फ्रेंच नावांकडे वळले. त्यातून एक समाज तयार झाला. आता तसं होत नसेल तर देशाची बेटं बेटं होतील. झेमूर यांचं स्वतःचं घराणं अल्जीरियातल्या ज्यूंचं, त्यामुळे हे ते अनुभवाने बोलतात, आणि मी त्याची टर उडवणार नाही. समाज एकमेकांत मिसळावा ही इच्छा प्रतिगामी नाही. पण इतिहास काय दाखवतो? अल्जीरियातल्या ज्यूंना १८७० च्या क्रेमिए आदेशाने नागरिकत्व मिळालं, आणि नावं त्यानंतर हळूहळू, आपखुशीने बदलली. आधी हक्क, मग नाव. उलट क्रमाने नाही. आणि ऑक्टोबर १९४० मध्ये हिटलरशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने त्यांचं नागरिकत्व एका फटकाऱ्यात काढून घेतलं, तेव्हा रोजे, ल्युसेत अशी सत्तर वर्षांत मुरलेली नावं कामाला आली का? शिवाय, आता तसं होत नाही हेही पुरतं खरं नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय लोकसंख्या-अभ्यास संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांच्या नातवंडांत अरबी-मुस्लिम वळणाची नावं २३ टक्क्यांवर आली आहेत. तिसऱ्या पिढीला सारा, इनेस, लीना अशी दोन्ही घरांत खपणारी नावं आवडतात. कुणाच्या धाकाने नव्हे. शाळेत मैत्रिणी असतात, लग्नं होतात, आजीला उच्चारता यावं आणि सासूलाही, अशी सोय पाहिली जाते. दुसरीकडे १९०० च्या सुमाराला जन्मलेल्या दर पाच फ्रेंच मुलींत एक मारी असायची, आज शंभरात एकही नसते. मारीला काय स्थलांतरितांनी हाकललं?

धाक दाखवून नावं बदलायला लावणारी सरकारं जगाने पाहिली आहेत, आणि त्यांच्या पंगतीला बसायची हौस फ्रान्सला तरी नसावी. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये बास्क आणि कातालान नावांना बंदी होती. बल्गेरियाने १९८४-८५ च्या हिवाळ्यात तुर्की वंशाच्या लाखो लोकांची नावं सक्तीने स्लाव्ह केली. १९८९ मध्ये तीन लाखांहून जास्त लोक देश सोडून तुर्कस्तानात गेले. लोक मिसळले नाहीत, निघून गेले. आणि जर्मन सीमेवरचा फ्रेंच प्रांत अल्सेस? १९४० ते १९४४ या काळात जर्मन अंमलाखाली तिथली फ्रेंच नावं जर्मन करायला लावली गेली, कारण अल्सेसच्या मातीत फ्रेंच नाव म्हणजे जर्मन राष्ट्राचा अपमान! हे वाक्य फ्रान्सने ऐकलेलं आहे, फक्त दुसऱ्या बाजूने.

हाप्सातू या नावाचा विचार मात्र या सगळ्या गदारोळात फारच थोड्यांनी केला, समर्थकांनीही. हाफसा ही पैगंबरांची पत्नी, खलिफा उमर यांची मुलगी; कुराणाची लिखित प्रत तिच्याकडे जपून ठेवलेली होती अशी परंपरा आहे. नावाच्या शेवटच्या ‘तू’मधला ‘त’ स्त्रीलिंगाचा, आणि ‘ऊ’ हा अभिजात अरबी व्याकरणातला कर्ताकारकाचा प्रत्यय आहे. अरबांच्या रोजच्या बोलण्यातून तो कधीच गळून पडला. सेनेगल, गिनी, मॉरिटानिया या पट्ट्यात मात्र आइसातू, हाप्सातू, फातिमातू अशा नावांत तो टिकून राहिला. म्हणजे हे नाव अरबस्तानातून जसंच्या तसं आलेलं नाही, पश्चिम आफ्रिकेने ते आपल्या तोंडाने घडवलेलं आहे, जसं फ्रेंचांनी कोरिनाचं कोरिन केलं. आणि फ्रान्सशी या नावांचा संबंध विमानतळावर सुरू झालेला नाही. सेनेगलच्या सँ-लुई, गोरे, रुफिस्क आणि डाकार या चार नगरांतले मूळ रहिवासी आणि त्यांची मुलंबाळं फ्रेंच नागरिक आहेत, असं १९१६ च्या कायद्याने नि:संदिग्धपणे मान्य केलं, तेही त्यांचा मुस्लिम व्यक्तिगत कायदा कायम ठेवून. तो कायदा मांडणारे ब्लेझ दियान्य पॅरिसच्या संसदेत सेनेगलचे प्रतिनिधी म्हणून बसत. फ्रान्सला तेव्हा खंदकांत माणसं हवी होती, आणि मामादू नावाचा शिपाई मेला तर त्याच्या नावाने देशाचा अपमान होत नव्हता. आइसातू नावाच्या फ्रेंच नागरिक मुली त्या नगरांत जन्मत होत्या, तेव्हा कोरिनच्या लाटेला अजून चाळीस-पन्नास वर्षं अवकाश होता. मुरणंच मोजायचं, तर या हिशेबाने आधी कोण आलं?

आपल्याकडे दुसऱ्याने बाईचं नाव ठरवणं ही कल्पना नवी नाही. माझी आजी माहेरची कृष्णा. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘सरस्वती’ लिहिलं गेलं, आणि पुढची साठ वर्षं ती सरस्वती होती. नाव वाईट नव्हतं. अर्थ तर किती चांगला. पण तिचा धाकटा भाऊ आला की दारातूनच ‘ए कृष्णे’ अशी हाक मारायचा, आणि आजी हातातलं काम टाकून ज्या चालीने बाहेर यायची, ती चाल एरवी तिच्यात दिसायची नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं नाव ‘मेरी रमा’ झालं. धर्म बदलला, नाव मात्र त्यांनी आणि जगानेही ‘रमाबाई’च चालवलं. त्यांनी कमी प्रामाणिकपणे धर्म स्वीकारला होता असं कोणी म्हणेल का?

त्या स्टुडिओतल्या संभाषणात मला खटकतं ते हेच. ‘कोरिन’ हा शब्द नव्हे. तो गोड आहे, आणि ज्या कोरिन आज साठीत आहेत त्यांनी त्याला आणखी गोडवा आणला असेल. खटकतो तो देण्याचा आविर्भाव: ‘तुम्हाला छान शोभलं असतं.’ साव्हारींनाही मादाम द स्ताल यांना काय शोभतं याची पक्की खात्री होती. आणि पिंडारला हरवणाऱ्या त्या तानाग्राच्या बाईला कोणी सांगितलं असेलच की जरा दोरिकमध्ये लिहीत जा, तुला शोभेल. थीब्जच्या श्रोत्यांनी तिला ऐकलं ते तिच्याच बोलीत.